मुकं वळण

तात्यासाहेबांची मोटारशर्यतीतली कारकीर्द सगळी मिळून तीन शर्यतींची. पहिली मुंबईला, दुसरी आपल्या घाटात आणि तिसरी मद्रासला. एवढ्याशा शिदोरीवर त्यांचं नाव अजून खुलताबादेपासून कन्नडपर्यंत निघतं, ते मधल्या शर्यतीमुळे. आणि ती शर्यत बानाबाईनं जितकी जवळून पाहिली तितकी दुसऱ्या कोणी पाहिली नाही.

बानाबाई म्हणजे मुंजाबा मिस्त्रीची बायको. दौलताबादहून खुलताबादला घाट चढतो, त्याच्या पायथ्याला त्यांची धनगरांची वस्ती होती. मुंजाबाही मूळचा मेंढरांमागचाच. पण निजामाच्या राज्यात बसडेपोत गाड्या धुवायला लागला आणि धुता धुता इंजिन उघडायला शिकला. मेंढरं मग एकट्या बानाबाईच्या गळ्यात पडली. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. मेंढरू निदान सांगितलेलं ऐकतं, असं ती म्हणायची, आणि हे मुद्दाम मुंजाबाच्या देखत म्हणायची.

तात्यासाहेब कन्नडचे. घरची जमीन मोप, कारभार थोरले बंधू नानासाहेब बघायचे, आणि धाकट्यानं काय करावं हा प्रश्न बेचाळीस वर्षं घरात कोणाला सुटला नव्हता. माणूस अंगानं चांगला भरलेला. शिक्षण उर्दू शाळेत, इंग्रजीच्या नावानं पूज्य. पोलीस अॅक्शननंतर सिल्लोडकडचा एक जहागीरदार बिऱ्हाड हलवून हैदराबादला गेला, तेव्हा त्याची दोन सीटची, टप नसलेली विलायती मोटार कापसाच्या वखारीत धूळ खात पडली. तात्यासाहेबांनी ती उचलून आणली. बदल्यात दिली घरची खिल्लार जोडी. ती जोडी बैलांच्या शर्यतीत, शंकरपटात, तीन वर्षं कोणाला हार गेली नव्हती. नानासाहेबांनी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही.

गाडी मुंजाबाकडे आली. दोघांनी मिळून ती तीनदा सुटी केली, तीनदा जुळवली, आणि तिसऱ्यांदा जुळवली तेव्हा ती अशी काही पळायला लागली की मुंबईच्या शर्यतीची जाहिरात वाचून तात्यासाहेबांनी तिथं नाव धाडलं. तिथली बाकी मंडळी बड्या घरची. त्यांच्या गाड्या ट्रकवर चढून आल्या, बरोबर एकसारखे कपडे घातलेले मिस्त्री, तेलाचे डबे, चाकांच्या उतरंडी. तात्यासाहेब औरंगाबादहून स्वतः गाडी हाकत गेले, शेजारी मुंजाबा, पायाशी भाकरीचं गाठोडं. त्याच गाडीनं शर्यत मारायची आणि त्याच गाडीनं घरी यायचं, म्हणून चाकंसुद्धा जपून वापरायची. मराठवाड्यातून असल्या शर्यतीत उतरलेला हा पहिलाच गडी. क्लबवाल्यांनी डोक्याला टोप घालायला सांगितला, तो त्यांनी टोपीवरूनच चढवला. धोतराचा काचा मारला आणि जोडे काढून ठेवले. "पायाला कळलं पाहिजे," एवढंच म्हणाले. अकरा गाड्यांत पाचवे आले. परत आल्यावर महिनाभर मुंजाबाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मुंजाबा तिथून झेंड्यांची भाषा शिकून आला होता. लाल म्हणजे थांब. निळा म्हणजे मागून कोणी येतंय. पिवळा म्हणजे पुढं धोका, अॅक्सिलरेटरवरचा पाय उचल. त्यानं हे पाढ्यासारखं घोकलं आणि तात्यासाहेबांकडूनही पाठ करून घेतलं. बायकोला मात्र त्यातलं अक्षर सांगितलं नाही. बाईमाणसाला झेंड्यांशी काय करायचंय, असं त्याचं गणित. ते गणित कसं चुकलं, तेच तर सांगायचं आहे.

आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात मुंबईच्या क्लबनं आपल्याच घाटात शर्यत ठेवली. एकेक गाडी एकटी सोडायची, घड्याळ लावायचं, प्रत्येकाला दोन फेऱ्या, ज्याची फेरी सगळ्यांत कमी वेळाची तो पहिला. खबर कन्नडला पोचली तशी नानासाहेबांनी भावाला समोर बसवलं.

"तात्या, आपल्या घाटात पहिला आलास तर गाडी तुझी. पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आलास तर पाडव्याच्या आत गाडी विकायची आणि दावणीला बैल आणून बांधायचे. कबूल?"

"कबूल, नाना," तात्यासाहेब म्हणाले. हा शब्द वाऱ्यासारखा सगळीकडे गेला. मुंजाबानं तो घरी येऊन सांगितला आणि त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब वस्तीवर हजर. गाडी दौलताबादला ठेवून, पायी. बानाबाई मेंढरं सोडत होती.

"बाई, तू रोज हा घाट चढतेस ना?"

"रोजचंच हाय की."

"मग मला शिकव."

बानाबाईला वाटलं, साहेब मस्करी करतात. पण हा भला मोठा माणूस जोडे हातात घेऊन मेंढरांच्या मागं चालायला लागला आणि पंधरा दिवस चालत राहिला. त्यांनी बघायचं ते मेंढरांचे पाय. वळणाला कळप कुठून कापतो, कुठं आत दबतो, कुठं खडी सरकते म्हणून बिचकतो. दर वळणाला थांबून तळवा दाबून बघायचे आणि बानाबाईला विचारायचे, याचं नाव काय? तिच्या हिशोबी घाटात चौदा वळणं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. मोरीचं, चिंचेचं, पडक्या कठड्याचं. अकरावं मुकं.

"मुकं का?"

"आवाज येत नाय म्हणून. वरून बैलगाडी येवो का मोटार, डोंगूर आवाज गिळतो. खालच्याला ना दिसतं ना ऐकू येतं."

"मग तुम्ही मेंढरं कशी नेता?"

तिनं वळणाच्या डोक्यावरचा एक उंच धोंडा दाखवला. धनगरांची रीत अशी की कळप मुक्या वळणाला पोचला की एकानं त्या धोंड्यावर चढायचं. तिथून दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो. वर काही असेल तर हातातली काठी उभी करायची. वाट मोकळी असेल तर काठी खांद्यावर आडवी टाकून नुसतं उभं राहायचं. खालचा माणूस मग मागंपुढं न बघता कळप रेटतो.

तात्यासाहेबांनी त्या धोंड्याकडे पाहिलं. "पाय दाबून धरता आला असता," ते स्वतःशीच म्हणाले, "तर दोन सेकंद इथंच निघाले असते."

सोळाव्या दिवशी त्यांनी बानाबाईला गाडीत बसवलं. कळप घेऊन जो घाट चढायला तिची सकाळ जायची, तो तिच्या डोळ्यांसमोरून गुंडाळल्यासारखा गेला. ती नावं घेत होती, मोरीचं, चिंचेचं, आणि तोंडातलं नाव संपायच्या आत ते वळण मागं पडत होतं. घाबरायला सवड मिळाली नाही. तिच्या लक्षात राहिलं ते साहेबांचं तोंड. चढावर चालताना धापा टाकणारा, मेंढरांच्या धुळीनं शिंकणारा तो माणूस चाकामागं बसला की निराळाच व्हायचा. श्वासही ऐकू येत नव्हता. अनवाणी पाय तेवढा दाबत होता, उचलत होता, आणि गाडी मेंढराच्या वाटेनं, बोटभर इकडंतिकडं न होता, वर जात होती. ती खाली उतरली आणि तिनं गाडीला हात लावून तो कपाळाला लावला.

मग तिच्या डोक्यात आलं, आपण या माणसासाठी काय करावं? ती शर्यतीच्या आदल्या रविवारी औरंगाबादजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला चालत गेली, भंडारा आणला आणि नवऱ्याचा जुना फेटा त्यात असा घोळला की पांढरा धागा दिसू नये. साहेबांच्या अवघड वळणावर देवाची सावली धरायची, एवढाच तिचा बेत होता. पिवळ्याहून शुभ रंग तिला कोणी कधी सांगितला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी घाटात चिटपाखरू नको असा हुकूम होता. फौजदारानं वस्तीवर येऊन बजावलं, कोणाचं जनावर किंवा माणूस रस्त्याच्या अंगाला दिसलं तर सगळी मेंढरं कोंडवाड्यात. बानाबाईनं मान डोलावली, मेंढरं वस्तीवरच्या वाड्यात कोंडली आणि मागच्या पायवाटेनं धोंडा गाठला. वळणाच्या खालच्या अंगाला क्लबचा झेंडेवाला उभा होता. त्याला ती दिसत नव्हती.

पहिल्या फेरीत मुंबईच्या लाल गाडीनं घाट दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत मारला. तात्यासाहेबांना त्रेचाळीस लागले. बाकीचे पार मागं. दुसऱ्या फेरीत लाल गाडीला काही सुधारता आलं नाही. शेवटची पाळी तात्यासाहेबांची.

दहाव्या वळणावरून गाडी सुटलेली बानाबाईनं वरून पाहिली आणि तिला कळलं, आज काहीतरी वेगळं आहे. रोजच्या वाटेनं, पण गाडी रस्त्याला टेकते की नाही अशी येत होती. तिचा ऊर भरून आला. तिनं फेटा सोडला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून फडकवला. "येळकोट येळकोट," ती पुटपुटली. आणि गाडीचा आवाज पडला. पाय उचलला होता. गाडी वळणात मंदावली, चाचपडल्यासारखी वर गेली, आणि मग पुन्हा जोर धरला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ती पायवाटेनं पळत पायथ्याला आली तेव्हा गाडी खाली परत आली होती आणि क्लबच्या मांडवात गलका होता. दोन मिनिटं शेहेचाळीस. मुंजाबा कपाळाला हात लावून बसला होता. क्लबचे सेक्रेटरी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणत होते, "पण आमच्या माणसानं झेंडा दाखवलाच नाही."

"मला पिवळं दिसलं," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले. "पिवळं दिसलं की पाय उचलायचा. उचलला."

कोणीतरी मागून हसलं. ऊन डोळ्यावर आलं असेल, दुसरा म्हणाला. भ्याले, तिसरा म्हणाला, आणि ते नानासाहेबांना ऐकू गेलं. नानासाहेब खुर्चीत ताठ बसले होते. भाऊ हरला याचं त्यांना सुख झालं असेल असं कोणाला वाटलं असतं. पण भाऊ भ्याला म्हणतात हे त्यांना सोसवत नव्हतं.

बानाबाई गर्दीच्या कडेला उभी होती. "पिवळं म्हंजी काय वो?" तिनं शेजारी उभ्या असलेल्या क्लबच्या ड्रायव्हरला विचारलं. त्यानं सांगितलं. फेटा तिच्या कमरेला खोचलेला होता. पदरानं झाकला असता तर कोणाला काही कळलं नसतं. समोर फौजदार होता, वाड्यात ऐंशी मेंढरं होती, आणि नवरा चार माणसांत बसला होता. ती जागची हलेना. मग तिनं तात्यासाहेबांच्या उघड्या पायांकडे पाहिलं. पंधरा दिवस ते पाय तिच्या मेंढरांमागं चालले होते.

ती मांडवात शिरली आणि फेटा टेबलावर ठेवला. भंडारा सेक्रेटरींच्या कागदांवर सांडला.

"म्या दाखवलं," ती म्हणाली. "त्यांचं काय चुकलं नाय. मला ठावं नव्हतं."

फौजदारानं फेटा उचलला, उलटापालटा केला, आणि त्याचा चेहरा बदलला. "पिवळा झेंडा? निजामाचा? दहा वर्षं व्हायला आली तरी जिरली नाही का तुमची?"

"खंडोबाचा हाय, फौजदारसाहेब," बानाबाई म्हणाली. "निजामाला म्या कशाला ववाळू? त्यानं माझं काय भलं केलंय?"

आधी नानासाहेब हसले. ते हसले तसा सगळा मांडव हसला, आणि फौजदाराला फेटा खाली ठेवावा लागला. सेक्रेटरींना सगळं समजावून सांगायला वेळ लागला. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, दोघातिघांशी कुजबुजले. बाहेरच्या माणसामुळे फेरी बिघडली तर आणखी एक फेरी देता येते. पण आत्ता, ऊन उतरायच्या आत.

"एक अर्ज आहे," तात्यासाहेब म्हणाले. "बाईला परत त्या धोंड्यावर उभं राहू द्या."

"नाही जमणार," फौजदार म्हणाला.

"मी उभा राहतो तिच्याबरोबर," नानासाहेब उठले. "मग तर झालं?"

तात्यासाहेब बानाबाईकडे वळले. "तुमच्या रीतीनं उभी राहा. काठी आडवी दिसली तर मी पाय उचलणार नाही." मुंजाबानं मान वर केली. त्याला या बोलण्याचा अर्थ कळला आणि त्याचा चेहरा उतरला. अकराव्या वळणावर पाय दाबून धरायचा म्हणजे पलीकडं एखादं शेळीचं करडू असलं तरी संपलंच.

धोंड्यावर चढताना नानासाहेबांना धाप लागली. बानाबाईनं त्यांना हात दिला. तिनं काठी खांद्यावर आडवी टाकली आणि वरच्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. खालून शिट्टी झाली. दहाव्या वळणाच्या आधीचा गाडीचा घर्र आवाज चढायला लागला, आणि तेवढ्यात वरच्या अंगानं एक कुत्रं रस्त्यावर आलं. भर मध्यावर येऊन बसलं आणि कान खाजवायला लागलं.

"काठी उभी कर," नानासाहेबांचा आवाज फाटला. "बाई, काठी उभी कर."

काठी उभी केली की फेरी गेली, गाडी गेली. बानाबाईनं काठी हलवली नाही. ती वाकली, पायाशी होता तो दगड उचलला आणि एका हातानं भिरकावला. रोज चुकार मेंढरापुढं टाकते तसा. दगड कुत्र्याच्या नाकापुढं वीतभर आदळला. कुत्रं उठलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि शेपूट घालून झाडीत गेलं. तिनं हात पुन्हा काठीवर ठेवले तोवर गाडी वळणाच्या तोंडाशी होती.

तात्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. एकदाच. मग जे झालं ते बानाबाईला जन्मभर नीट सांगता आलं नाही. आवाज पडला नाही. सगळ्या मुंबईच्या गाड्यांचा तिथं पडला होता, यांचा उलट चढला. गाडी आतल्या कडेला, मेंढराच्या वाटेनं, डोंगराला पाठ घासून जावी तशी वळली. मागची चाकं बाहेर सरकली, सरकून जिथं थांबायला हवीत तिथं थांबली. टोपाखाली ते तोंड होतं, शांत, कोणाच्या तरी घरी जेवायला बसल्यासारखं. वारा आला आणि तिचा पदर उडाला. गाडी वरच्या रस्त्याला लागली, आणि डोंगरानं तिचा आवाज गिळून टाकला.

बानाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं आयुष्यात देव पाहिला नव्हता, पण कोणी माणूस आपलं काम इतकं पुरं करताना पाहिला, आणि तिला दोन्हींत फार फरक वाटला नाही. नानासाहेब धोंड्यावर बसकण मारून बसले होते.

"हे करायचा होय हा?" ते म्हणाले. "मला वाटलं, नुसता धूर काढत हिंडतो."

दोन मिनिटं एकोणचाळीस सेकंद. लाल गाडीचा मालक स्वतः येऊन तात्यासाहेबांच्या पाया पडला, आणि मुंबईचा माणूस पाया पडतो हे पाहून फौजदारानंही टोपी काढली. नानासाहेबांनी शब्द पाळला. वर स्वतःच्या तोंडानं म्हणाले, मद्रासला जा. कुत्र्याची गोष्ट ना त्यांनी कोणाला सांगितली, ना बानाबाईनं.

पुढच्या हिवाळ्यात तात्यासाहेब मद्रासला गेले. गेले तसेच आले, आणि आल्यावर आठ दिवसांत गाडी विकून टाकली. कोणी म्हणालं इंजिन बिघडलं, कोणी म्हणालं तिथलं पाणी बाधलं. मुंजाबाही नीट काही बोलेना. शेवटी एका सकाळी तात्यासाहेब वस्तीवरून जाताना दिसले तेव्हा बानाबाईनंच त्यांना अडवलं.

"लई अवघड वळणं व्हती का तिथली?"

"छे, बाई. आपल्या घाटापुढं काहीच नव्हती. सपाट मैदान. पण एकदा पाय दाबून धरून बघितलं ना मी. त्यानंतर उचलायला नको वाटतं. आणि उचलल्यावाचून राहवत नव्हतं. दर वळणाला उचलला. सगळ्यांत शेवटी आलो."

"का बरं?"

"तिथं पलीकडचं कोण बघत होतं? इथं तू होतीस. काठी आडवी होती, म्हणजे वाट मोकळी. मला क्षणभरही शंका आली नाही." ते हसले. "असं माणूस दर वळणाला कुठून आणू? म्हणून म्हटलं, पुरे."

ते निघून गेले. बानाबाईनं मेंढरांना हाक द्यायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढं ते कान खाजवणारं कुत्रं आलं. दगड हातभर चुकला असता तर? वर्षभर तिला हे कधी सुचलं नव्हतं. तिनं खांद्यावरची काठी खाली घेतली आणि भर रस्त्यात उभी धरली.